डाव्या बुटाचं ठिगळ आणि नदीतलं जस्त

रविवार, सकाळी

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. आधी बातमी सांगतो आणि मग खुशाली विचारतो, कारण बातमीचा संबंध तुमच्या हातच्या कामाशी आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून गेलेली बरी. नदीकाठच्या बादल्यांच्या कारखान्याला बंद करण्याची जी नोटीस लागली होती, ती काल दुपारी मागे घेतली. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी स्वतः फोन करून मला सांगितलं, आणि या बाई एकदा केलेल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून दहा मिनिटांनी पुन्हा फोन करून तेच सांगितलं. कारखान्यातली चौदा माणसं उद्यापासून कामावर जातील. याचं श्रेय मी तुम्हाला देतो. का देतो, ते कळायला पुढचं सगळं वाचावं लागेल, तेव्हा चष्मा शोधा. (तो गल्ल्याच्या खाली, पंक्चरच्या सोल्युशनच्या डब्यामागे असतो.)

आता खुशाली. मामींचा गुडघा काय म्हणतो? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते त्यांनी नीट पाहून ठेवावं, म्हणजे डॉक्टरांना सांगता येईल. तुमचा खोकला कमी असेल अशी आशा आहे. आई बरी आहे. तिची कंबर सकाळी दुखते आणि संध्याकाळी कुणी चौकशी केली तरच दुखते. माझी बायकोही बरी आहे, आणि तिचा माझ्यावरचा राग आता उताराला लागला आहे. त्या रागाचं कारणही याच पत्रात येईल, कारण गेल्या महिन्याभरात माझ्या आयुष्यात जे काही घडलं ते सगळं एकाच बुटातून निघालं आहे.

मी काय काम करतो असं कुणी विचारलं की तुम्ही, "बाटल्या भरतो," असं सांगता, हे मला माहीत आहे. खोटं नाही ते. दर महिन्याला ठरलेल्या जागी नदीत उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, बाटली भरायची, तीत आम्लाचे दोन थेंब टाकायचे म्हणजे पाण्यातला धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसत नाही, झाकण लावायचं, चिठ्ठी डकवायची आणि बाटली प्रयोगशाळेत आणून द्यायची. सात वर्षं मी हे करतो आहे. बादल्यांच्या कारखान्यात लोखंडी बादलीला जस्ताचा मुलामा देतात, आणि तिथलं धुण्याचं पाणी साफ करून नदीत सोडतात, म्हणून त्याच्या खालच्या अंगाला पाण्यात जस्त किती ते पाहावं लागतं. मर्यादा शंभराची. (कशाचे शंभर, तर एका ग्रॅमचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले शंभर, एका लिटरमध्ये. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी गाडी पाठवतात? पाठवतात.) सहा वर्षं तिथला आकडा साठ-पासष्टच्या आसपास यायचा. आठ महिन्यांपूर्वी तो एकदम चढला. एकशेआठ, एकशेबारा, मग एकशेअठरा. आकडा लागोपाठ वर राहिला म्हणून कारखान्याला नोटीस गेली.

नोटीस लागल्यावर कारखान्याचा मुकादम मला नदीवर येऊन भेटला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलला. म्हणाला, आम्ही काहीच बदललेलं नाही साहेब, तेच लोखंड, तेच जस्त, तीच टाकी. बदललं असेल तर तुमच्याकडचं काहीतरी बदललं असेल. त्याच्या चौदा माणसांत एक नवरा-बायको दोघंही तिथेच कामाला आहेत, म्हणजे त्या घरात एक आधार सुटला तर दुसरा धरायला नाही, तेही त्याने सांगितलं. मी त्याला ठणकावून म्हटलं की नदी खोटं बोलत नाही. (मामा, नदी खोटं बोलत नव्हती. एवढं माझं वाक्य बरोबर होतं.)

अशात आमच्याकडे या नव्या प्रमुख बाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी वही उघडली, एकशेबारावर बोट ठेवलं आणि विचारलं, "एकशेबारा, अधिक-उणे किती?" मी म्हटलं, अधिक-उणे काही नाही मॅडम, अगदी बरोबर एकशेबारा. तुमच्याकडे एखादं गिऱ्हाईक येऊन म्हणतं ना, कशावरून गेली नाही हो गाडी, आपोआपच पंक्चर झाली, तेव्हा तुम्ही त्याच्याकडे जसे बघता, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, तुम्ही अख्ख्या नदीतून एक बाटली आणता. हातभर पलीकडची बाटली आणली असती तर एकशेबाराच आले असते का? तासाभराने आणली असती तर? मी म्हटलं, आले असते. त्या म्हणाल्या, मग आणून दाखवा. तेव्हापासून प्रयोगशाळेत त्यांना अधिक-उणे बाई म्हणतात. अर्थात त्यांच्या पाठीमागे, आणि दार लावून.

त्यांनी पद्धत घालून दिली ती अशी. एका जागी एकामागोमाग दोन बाटल्या भरायच्या आणि प्रत्येक बाटलीतलं पाणी मशीनवर दोनदा तपासायचं. एकाच बाटलीचे दोन आकडे जुळले नाहीत तर खोट मशीनमध्ये. ते जुळले, पण दोन बाटल्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर एक तर नदीच जागोजागी वेगळी आहे किंवा भरणाऱ्या हातात काही आहे. पहिल्या दिवशीचे आकडे आले. पहिली बाटली: एकशेअठरा, एकशेसतरा. दुसरी बाटली: पासष्ट, सहासष्ट. आमच्या मशीनवाल्यावर गेली आठ वर्षं सगळ्यांचा संशय होता. काहीही चुकलं की मशीनवाला. त्या दिवशी त्याने केस विंचरले, सगळ्यांना चहा पाजला आणि मला दोन कप दिले. एक नमुन्याचा, म्हणाला, आणि एक पडताळणीचा.

मी सांगितलं की नदी एकसारखी नसते. बाई म्हणाल्या, नसतेच, म्हणून तर मोजायचं. आठ दिवस दोन-दोन बाटल्या आणायला लावल्या. आठही दिवस पहिली बाटली शंभराच्या वर आणि दुसरी सत्तरच्या खाली. नदी एकसारखी नसेल तर कधी पहिली वर जाईल, कधी दुसरी. "तुमच्या पहिल्याच बाटलीवर नदीचा एवढा राग का?" असं त्यांनी विचारलं, आणि त्यावर मी असं उत्तर दिलं की माझ्याकडून पहिली बाटली भरली जाईपर्यंत वरचा थर निघून जात असेल. हे उत्तर त्यांनी वहीत लिहून घेतलं. ते अजून तिथे आहे.

त्या दिवसांत घरीही हेच. बायकोने फोनवर विचारलं, किती वाजता येणार, तर माझ्या तोंडून निघून गेलं, सात, अधिक-उणे दोन तास. ती म्हणाली, मग जेवणही अधिक-उणेच मिळेल, उण्याची तयारी ठेवून ये. त्या रात्री मी खरोखरच उणा जेवलो. शिवाय तिची भाची लग्न ठरल्याचं सांगायला आली, तेव्हा मी मुलाची उंची एकदाच मोजली का असं विचारलं. राग म्हणतो आहे तो हा. आई मात्र माझ्या बाजूने होती. तिचं म्हणणं, माझा मुलगा चुकेल, पण माझ्या भावाच्या हाताखालून गेलेलं माणूस मोजायला चुकायचं नाही.

आणि तिथेच मला तुमची आठवण झाली. तुमच्या दुकानात बसून मी कितीदा पाहिलं आहे. ट्यूब घमेल्यात बुडवायची, बुडबुडा दिसला तरी लगेच कानस हातात घ्यायची नाही, ट्यूब काढून फिरवून पुन्हा बुडवायची. एका ट्रकवाल्याला घाई होती, तो कुरकुरला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बुडबुडा एकदा दिसला तर डोळ्याचा, दोनदा दिसला तर ट्यूबचा." मला वाटलं, माझा बुडबुडा आठदा दिसला आहे. तो डोळ्याचा नाही. तेव्हा ट्यूब कुठली ते शोधायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या खोलीत जाऊन म्हटलं, मॅडम, मी बाटली भरताना तुम्ही समोर बसून बघा. सात वर्षांत मला कुणी नमुना घेताना पाहिलं नव्हतं, अन् पाहावं असं मलाही वाटलं नव्हतं.

बाई काठावर एका उलट्या खोक्यावर बसल्या. ड्रायव्हरकाका गाडीला टेकून उभे राहिले, कारण फुकटचा तमाशा ते कधी सोडत नाहीत. मी गमबूट चढवले, पाण्यात शिरलो, पाठ प्रवाहाकडे केली, डाव्या हाताने पहिली बाटली बुडवली, प्रवाहाने हलू नये म्हणून डाव्या बुटाला टेकवली, भरली, खांद्यावरच्या पिशवीत ठेवली. मग डावा हात पिशवीत अडकला म्हणून दुसरी उजव्या हाताने, बुटाला न टेकवता भरली. बाईंनी बसल्या जागेवरून तीन प्रश्न विचारले. पहिला, तुम्ही डावखुरे का? हो म्हटलं. दुसरा, बाटली बुटाला का टेकवता? सवय म्हटलं. तिसरा, प्रवाहाकडे तोंड करायचं सोडून पाठ का करता, पायाखालचं सगळं बाटलीत येतं ना? तर म्हटलं, डाव्या बुटाला पुढून ठिगळ आहे मॅडम, त्याची वरची कड सुटली आहे, तोंड प्रवाहाकडे केलं की पाणी आत येतं. "ठिगळ कशाचं?" हा चौथा प्रश्न, म्हणजे त्यांनी चार विचारले. आणि मामा, मी पाण्यात ताठ उभा राहून अभिमानाने सांगितलं, टायरचं, आमच्या मामांच्या हातचं आहे, आठ महिने झाले, निघता निघत नाही.

बाई खोक्यावरून उठल्या, साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, बूट काढा. टायरच्या रबरात जस्त घालतात म्हणे, रबर पक्कं करतानाच घालतात. तुम्हाला हे ठाऊक असेल, मला नव्हतं. वाळूने घासून त्या ठिगळाचा काळा भुगा सुटत होता, मी बाटलीचं तोंड त्यावरच टेकवत होतो, आणि भुगा बाटलीत गेला की आमचे ते आम्लाचे दोन थेंब त्यातलं जस्त इमानदारीने बाहेर काढत होते. बाटलीत काळे कण दिसायचे मला. मी चिठ्ठीवर 'गाळ' लिहायचो. येताना बूट स्वच्छ पिशवीत, चिठ्ठी लावून, पुढच्या सीटवर बसला आणि मी एका पायात मोजा घालून मागे. ड्रायव्हरकाका म्हणाले, एवढी वर्षं गाडी चालवतो, पण बुटाला पट्टा बांधून नेतोय हे पहिल्यांदाच. मशीनवाल्याने ठिगळाचा तुकडा स्वच्छ पाण्यात दोन तास ठेवून तपासला. पाणी तीनदा पातळ करावं लागलं तेव्हा कुठे आकडा मशीनच्या आवाक्यात आला.

(आठ महिन्यांपूर्वी तुमच्या दुकानात ते ठिगळ लावून घेतलं तेव्हा तुम्ही कानस मारता मारता मला काहीतरी सांगत होतात, पण कॉम्प्रेसर चालू होता. असो.)

सुनावणी गेल्या मंगळवारी होती. अहवाल बाई लिहू शकल्या असत्या, पण त्या म्हणाल्या, नमुना ज्याने घेतला त्याने लिहावा. मी दोन ओळींसाठी सात कागद वाया घालवले. पहिल्या कागदावर चूक पद्धतीची होती, तिसऱ्यावर बुटाची, पाचव्यावर टायर बनवणाऱ्यांची. सातव्यावर माझी आली. सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, एक फिरत नसलेला पंखा, एका बाजूला आम्ही, समोर मुकादम आणि ते नवरा-बायको. मी उभा राहून वाचून दाखवलं की आठ महिन्यांचे आकडे रद्द समजावेत, जस्त नदीचं नसून माझ्या डाव्या बुटाचं होतं, आणि ठिगळाने असं होईल याची कुणालाही कल्पना असणं शक्य नव्हतं. मी कागदाची घडी घातली, आणि पंखा फिरत असता तर बरं झालं असतं असं वाटलं. मग मुकादम म्हणाला, "म्हणजे आठ महिने आमच्या पोटावर पाय होता, तो गमबुटातला होता तर." आणि आधी ती बायको हसली, मग तिचा नवरा, मग मुकादम स्वतः. मी हसलो नाही. मला बसायला सांगायचं सगळे विसरले होते.

बाई मात्र नुसत्या माझ्या कबुलीवर भागवणाऱ्यांतल्या नव्हेत. बूट दोषी म्हणून कारखाना निर्दोष, असं होत नाही, म्हणाल्या. पुढचे तीन दिवस आम्ही पुन्हा नमुने घेतले, पुलावरून, लांब काठीला बाटली बांधून, दोन्ही काठांना आणि मध्ये, सकाळी आणि दुपारी, प्रत्येक जागी दोन बाटल्या. मी काठीला हात लावण्याआधी दर वेळी माझे हात धुवून घेतले गेले. शेवटचा आकडा आला त्रेसष्ट, अधिक-उणे बारा. आधीचा मी असतो तर असा आकडा चारचौघांत नेताना लाजलो असतो, शेपूट लोंबतं आहे म्हणून. पण बाईंनी समजावलं की आकडा म्हणजे दाखवलेलं बोट, आणि अधिक-उणे म्हणजे ते बोट किती थरथरतं ते. थरथर लपवली म्हणून बोट स्थिर होत नाही. वरचं टोक धरलं तरी पंचाहत्तर, शंभराच्या चांगलंच आत. सात वर्षांत मी शेकड्यांनी आकडे आणले असतील, पण डोळे मिटून सही करावी असा वाटलेला हा पहिला, आणि तो शेपटीसकट आहे. शेपूट असलेलं जनावर आपल्या माशा आपणच हाकतं.

म्हणून मामा, तुमचे आभार. थट्टा नाही, मनापासून मानतो. पहिले, त्या बुडबुड्याबद्दल, कारण ते वाक्य आठवलं नसतं तर मी बाईंना नदीवर बोलावलं नसतं आणि चौदा माणसं घरी बसली असती. दुसरे, माझ्या डाव्या हाताबद्दल. शाळेत तो बांधून ठेवत होते तेव्हा तुम्ही येऊन सोडवलात आणि मास्तरांना म्हणालात, आकडे बरोबर येतात ना, मग कुठल्या हाताने येतात ते कशाला बघता. (मास्तर आज असते तर त्यांना सांगितलं असतं की कधी कधी बघावं लागतं.) आणि तिसरे, ठिगळाबद्दलच. ते कच्चं असतं तर महिन्याभरात निघून गेलं असतं, आकडे आपोआप खाली आले असते, आणि मी जन्मभर पाठ फिरवून बाटल्या भरत राहिलो असतो. मला कामावरून काढतील असं वाटलं होतं. बाईंनी काढलं नाही. नवीन येणाऱ्यांना नमुना कसा घ्यायचा हे शिकवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. का, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, चुका कुठे होतात ते तुम्हाला पायापासून माहीत आहे. तो बूट त्यांनी काचेच्या कपाटात ठेवला आहे, चिठ्ठीसकट. उजवा मी घरी आणला. बायकोने तो दाराबाहेरच थांबवला आहे.

मामींना नमस्कार. आईने तुम्हाला आशीर्वाद सांगितले आहेत, ती तुमच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी असली तरी.

तुमचा,
डावखुरा भाचा

ता. क. मुकादमाने आभारादाखल एक नवी कोरी बादली देऊ केली. आम्हाला असं काही घेता येत नाही, म्हणून परत केली. त्यावर तो म्हणाला, मग ठिगळ लावणाऱ्या मामांना देतो, त्यांना तर नोकरीचे नियम नाहीत. कृपा करून तुम्हीही घेऊ नका. घमेलं पुरे आहे.

ता. क. २. पत्र लिहायचं खरं कारण हे. येत्या गुरुवारी प्रमुख बाई तुमच्या दुकानात येणार आहेत. ज्या टायरचं ठिगळ कापलंत त्या टायरचा उरलेला तुकडा त्यांना तपासायला हवा आहे, तो शोधून ठेवा. (मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेला असावा.) त्या तुम्हाला काही प्रश्न विचारतील, आणि चहा झाल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारतील. रागावू नका. उत्तर दोन्ही वेळा तेच येतं का ते त्या बघतात.

ता. क. ३. वर मी लिहिलं की तेव्हा कॉम्प्रेसर चालू होता. तो बंद होता. तुम्ही म्हणालात, "हे चिखलापुरतं आहे रे. पाण्यात उभं राहायचं असेल तर नवे घे, टायर झिजतो आणि पाणी काळं करतो." मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उभा राहिलो. सुनावणीत मी वाचून दाखवलेल्या दोन ओळींपैकी 'कुणालाही कल्पना असणं शक्य नव्हतं' एवढी अर्धी ओळ म्हणूनच खोटी आहे. बाकीची दीड खरी आहे. बाईंना हे सांगावं म्हणून मी या आठवड्यात तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो. माझं धैर्य तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला, एकदा तर शून्याच्या खाली. तेव्हा त्यांनी विचारलं तर मला वाचवायला जाऊ नका. कॉम्प्रेसर बंद होता असंच सांगा, दोन्ही वेळा. त्याआधी माझ्याकडून सांगून झालं असेल अशी आशा आहे, पण खात्री देत नाही. त्या गुरुवारी अकराला पोहोचतील, अधिक-उणे दहा मिनिटं. ड्रायव्हरकाका रस्ता विचारायला थांबले तर अधिक एक तास. मीही गाडीत मागच्या सीटवर असेन.